त्याला विचारून घ्या

प्रवेशाची यादी लागली, पोराला इंजिनीअरिंगची जागा मिळाली, की सिल्वासातल्या मराठी घरात दोन प्रश्न उभे राहतात: होस्टेल कुठलं आणि लॅपटॉप कुठला. होस्टेलचं कॉलेजच ठरवतं. लॅपटॉपसाठी वडील किलवणी नाक्याकडे निघतात आणि जिन्यातच शेजारी त्यांना अडवतात. "घ्या ना, जरूर घ्या. पण आधी त्याला विचारून घ्या."

'त्याला' म्हणजे कुणाला, हे विचारावं लागत नाही. आमली असो, टोकरखाडा असो की नरोली रोड, चार मजल्यांच्या प्रत्येक सोसायटीत असा एक तरी असतोच. वय पंचावन्नच्या आसपास, पायात कारखान्यातून मिळालेले सेफ्टी शूज, खिशात पेनाशेजारी टेस्टर आणि कुणाचा कॉम्प्युटर बिघडल्याचं कानावर आलं की चेहऱ्यावर उमटणारं, दाबूनही न दबणारं समाधान. सोसायटीतल्या मुलांचा तो काका, कारखान्यातल्या बिहारी आणि ओडिया पोरांचा साहब. कॉम्प्युटरच्या दुकानात मात्र त्याला दारात पाहताच मालक आतल्या पोराला नुसतं "आ गए" एवढंच सांगतो.

मूळचा तो खानदेशातला. करसवलतींमुळे १९८०-९० च्या दशकांत दादरा-नगर हवेलीत कारखान्यांची रीघ लागली, तेव्हा डिप्लोमाचं सर्टिफिकेट आणि एक वळकटी घेऊन वापी स्टेशनावर जी मराठी पोरं उतरली, त्यांतला हा एक. सूत काढणाऱ्या कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात चिकटला तो चिकटलाच. त्याचा स्वभाव या खात्यानं घडवला. तिथं प्रेशर गेजचा काटा कुठं आहे हे नंतर बघतात. आधी गेजवर चिकटवलेली कॅलिब्रेशनची तारीख बघतात. मास्टर गेजशी ताडून पाहिलेला नसेल तर तो गेज असून नसल्यासारखा. हाच न्याय त्यानं पुढं माणसांना लावला. कुणी काहीही ठासून सांगितलं की हा शांतपणे विचारतो, "याचं कॅलिब्रेशन कधी झालंय?"

त्याची कीर्ती मात्र एका खोडरबरानं झाली. कुठल्याशा पावसाळ्यात सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर नुसता बीप बीप करू लागला. मेकॅनिकनं मदरबोर्ड गेल्याचं सांगून हजारोंचा आकडा लिहून दिला होता. ह्यानं झाकण उघडलं, रॅमची पट्टी बाहेर काढली, सेक्रेटरीच्या नातीच्या कंपासपेटीतलं खोडरबर मागवलं, पट्टीच्या सोनेरी कडा घासल्या आणि पट्टी परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. इथल्या चार महिन्यांच्या दमट हवेत त्या कडांवर मळीचा थर चढतो, संपर्क तुटतो आणि खोडरबर तो थर काढतं, एवढीच त्यातली गोम. ती त्यानं तिथल्या तिथं समजावूनही सांगितली. कुणी ऐकली नाही. लोकांनी पाहिलं ते एवढंच की पाच रुपयांच्या खोडरबरानं हजारोंचं काम झालं. तेव्हापासून तो सोसायटीचा 'त्याला विचारा' झाला.

तसे सल्ला देणारे गावात कमी नाहीत. पहिला दुकानदार. काउंटरवर कोपरं टेकून तो म्हणतो, "साहब, आय-सेव्हन है, मक्खन चलेगा." दुसरा पुण्यातला भाचा. हिंजवडीत नोकरी, पगार मोठा, त्यामुळे मताला वजन. पण बारा वर्षं जावा लिहिणाऱ्या या भाच्यानं कॉम्प्युटरचं झाकण एकदाही उघडलेलं नाही, हे घरात कुणाला माहीत नसतं. तिसरा व्हिडिओतला उत्साही तरुण. हा खोका उघडतो, आतला फोम दाखवतो, लॅपटॉप हातात तोलून "प्रीमियम फील" म्हणतो आणि खोका परत बंद करतो. चौथा व्हॉट्सॲप. या चौघांचं एकमत झालं की लॅपटॉप घरी येतो आणि महिन्याभरानं तोच लॅपटॉप पिशवीत घालून माणूस 'त्याच्या' दारात उभा राहतो.

म्हणून शहाणे लोक आधीच जातात. पण सल्ला सरळ मिळेल ही आशा व्यर्थ. "काका, मुलासाठी लॅपटॉप बघायचाय," म्हटलं की काका मल्टिमीटर घेऊन पाहुण्यांच्याच घराकडे चालू लागतो आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये काड्या घालतो. फेज-न्यूट्रल दोनशे तीसच्या आसपास, ठीक. फेज-अर्थही तितकंच हवं. ते नसलं, की त्याचा चेहरा उजळतो. "तरीच कॅबिनेटला हात लावला की चिमटा बसत होता ना?" मग तो सांगतो की कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये तोंडालाच दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात आणि अर्थिंग नसेल तर ते पत्र्यावर जवळपास निम्मं व्होल्टेज, म्हणजे एकशे पंधरा, आणून ठेवतात. करंट अगदी थोडा, म्हणून जीव जात नाही, नुसता चिमटा बसतो. गृहिणी घाबरून सॉकेटपासून दूर सरकते. लॅपटॉपचा विषय अजून निघालेला नसतो.

तो निघतो दुसऱ्या चहाबरोबर. "आय-सेव्हन घ्यायचा म्हणता. कुठल्या पिढीचा?" पाहुणे गप्प. मग हा उदाहरण देतो. २०१७ सालचा आय-सेव्हन ७७०० आणि २०२२ सालचा आय-थ्री १२१००. दोघांनाही चार कोअर, दोघांनाही आठ थ्रेड. आणि मोजलं की धाकटा थोरल्याला मागं टाकतो. "म्हणजे धाकट्या भावाकडे सातबारा आणि थोरल्याकडे नुसतं नाव." पाहुण्यांना आता समजल्यासारखं वाटतं, तेवढ्यात तो ग्राफिक्सकडे वळतो. आरटीएक्स ४०६० हे नाव दोन लॅपटॉपवर छापलेलं असतं, पण कंपनी त्याला पस्तीस वॉट देते की एकशे पंधरा, यावर सगळं अवलंबून, आणि हा आकडा खोक्यावर ठळक छापायची कुणालाच घाई नसते. "एकाच आडनावाचे दोघे. एक पैलवान, एक आजारी." शेवटी तो अ‍ॅडॉप्टर उलटा करून भारतीय मानक ब्यूरोचा 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक वाचतो, मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकतो आणि निर्मात्याचं नाव जुळलं की श्वास सोडतो. नसलं जुळत, तर त्या दिवशी त्याला जेवण अधिक गोड लागतं.

हे ज्ञान त्यानं कुठून गोळा केलं, हा वेगळाच इतिहास आहे. सुरुवातीला वापी स्टेशनाच्या स्टॉलवर संगणकाची मासिकं मिळत, सोबत सीडी. मासिकापेक्षा सीडी जपून ठेवायची, ही तेव्हाची रीत. महिन्यातून एकदा पहाटेची फ्लाइंग राणी पकडून तो मुंबई सेंट्रलला उतरे, तिथून लोकलनं एक स्टेशन पुढं ग्रँट रोड आणि मग दिवसभर लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन पत्ता विचारणाऱ्याला तिथला दुकानदार नवखा समजून भाव वाढवतो, अशी त्याची पक्की समजूत. एका दुकानातला भाव, दुसऱ्यातली वॉरंटी, तिसऱ्यातला चहा, असं करत संध्याकाळी एक हार्ड डिस्क छातीशी धरून तो परतत असे. डब्यातल्या बायका त्याला औषध नेणारा समजून जागा देत.

मग इंटरनेट आलं आणि त्याला आनंदटेक सापडलं. १९९७ साली अमेरिकेतल्या चौदा वर्षांच्या आनंद लाल शिंपी नावाच्या मुलानं सुरू केलेलं हे संकेतस्थळ. एकेका प्रोसेसरवर वीस-वीस पानं: कॅश किती, वीज किती खाते, गरम किती होतो, आणि हे सगळं कसं मोजलं तेही लिहिलेलं. खानदेशच्या या माणसाला ते वाचून भरून आलं. विशेष म्हणजे आडनाव शिंपी! मुलगा आपल्या अमळनेर-पारोळ्याकडचाच असणार, हे त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. जगातल्या प्रत्येक विधानाला पुरावा मागणाऱ्या या गृहस्थानं या एका बाबतीत कधी कसला पुरावा मागितला नाही. २०१४ साली आनंद शिंपी ॲपलमध्ये गेला तेव्हा ह्यानं खात्यात पेढे वाटले; पोरगं नोकरीला लागलं होतं. पुढं ३० ऑगस्ट २०२४ ला आनंदटेकनं नवा मजकूर छापणं बंद केल्याचं जाहीर केलं. त्या संध्याकाळी त्यानं नाश्त्याची बशी बाजूला सारली.

"कोण गेलं?" बायकोनं विचारलं.

"आनंद."

"अगं बाई! कुठले? जळगावचे का?"

त्याला खरं सांगायला शब्द सुचले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी मजल्यावरच्या दोन बायका भेटून गेल्या.

या सगळ्या पोथ्यांत त्याचं आद्य पुराण मात्र १९९४ चं आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत बसले होते. नव्या पेंटियम कॉम्प्युटरवर उत्तर जुळेना. आधी त्यांनी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, मग बाकीचा कॉम्प्युटर, आणि महिन्यांच्या खटपटीनंतर बोट ठेवलं थेट चिपवर. भागाकारासाठी चिपमध्ये जो तक्ता कोरला होता, त्यातल्या पाच घरांत आकडेच भरायचे राहिले होते. इंटेल म्हणाली, सामान्य माणसाला ही चूक सत्तावीस हजार वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएमनं आपला हिशेब मांडला आणि म्हटलं, चोवीस दिवसांतून एकदा. शेवटी डिसेंबरात इंटेलला मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल करावं लागलं. खर्च धरला साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर. "एका मास्तरनं!" असं म्हणून तो दोन्ही हात पसरतो. "कंपनी नाही, दुकानदार नाही, व्हिडिओवाला नाही. मास्तरनं! कारण त्यानं उत्तर ताडून पाहिलं."

त्या काळात चूक पकडायला एक भागाकार प्रसिद्ध झाला होता: ४१,९५,८३५ भागिले ३१,४५,७२७. उत्तर १.३३३८ ने सुरू झालं पाहिजे. सदोष पेंटियम १.३३३७ दाखवायचा. तो दोष तीस वर्षांपूर्वी दुरुस्त झाला. तरीही आजतागायत कुठलाही नवा कॉम्प्युटर समोर आला, की तो आधी कॅल्क्युलेटर उघडतो, हे दोन आकडे न बघता टाइप करतो, उत्तर बघतो आणि "हां" म्हणतो. देवळात शिरताना घंटेला हात लागावा, तसा हा भागाकार. पूजेला गुरुजी बोलवावेत तसं त्याला या भागाकारासाठी बोलावणं येतं. "काका, तेवढा तो भागाकार करून जा ना."

माणसं मोजायला त्याच्याकडे एक वही आहे. कारखान्यातलीच, निळ्या पुठ्ठ्याची. डावीकडे सांगणाऱ्याचं नाव, मग काय सांगितलं, मग काय निघालं, आणि शेवटच्या रकान्यात 'पुढील तपासणी'. यूजरबेंचमार्क हे तुलनेचं संकेतस्थळ त्यात २०१९ मध्येच बाद झालं. त्या जुलैत त्यांनी एकूण गुणांतलं अनेक कोअरचं वजन दहा टक्क्यांवरून दोनवर आणलं होतं. "तराजूच बदलला," एवढाच शेरा. गेमर्स नेक्सस या चॅनेलनं ऑगस्ट २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स या बड्या चॅनेलच्या चुकलेल्या आकड्यांची जाहीर उलटतपासणी केली आणि त्या मंडळींना काही दिवस व्हिडिओ थांबवून घर आवरावं लागलं, तेव्हा दोघांच्याही नावापुढं बरोबरची खूण पडली. एकानं पकडलं म्हणून, दुसऱ्यानं काम थांबवलं म्हणून. पुण्यातल्या भाच्याचं नावही वहीत आहे. त्याच्या पुढचा रकाना कोरा.

शेजारच्या पोरानं स्टेशनाबाहेरून चारशे रुपयांत 'दोन टीबी' चा पेनड्राइव्ह आणला, त्या दिवशी वही आणि विद्या दोन्हीची परीक्षा झाली. कॉम्प्युटर म्हणतो दोन टीबी, पाकिटावर दोन टीबी, विकणारा आईची शपथ घेतो. तिघेही एकसुरात. ह्यानं एका जर्मन संगणक-मासिकानं फुकट दिलेला एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम चालवला. तो पेनड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून बघतो. रात्रभर चाललं. सकाळी निघाले बत्तीस जीबी. पुढचं सगळं हवेत. आतली कंट्रोलर चिप खोटं बोलायलाच शिकवलेली होती. पण गंमत पुढं आहे. याच पोराच्या वडिलांनी नामांकित कंपनीची एक टीबीची एसएसडी आणली आणि कॉम्प्युटरनं ९३१ जीबी दाखवले, तेव्हा ते भांडायला दुकानात गेले. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं; माल पूर्ण आहे, हे त्यांना हिशेब करून पटवायला त्याला एक अख्खा रविवार लागला. खोटे दोन टीबी त्यांनी मुकाट्यानं स्वीकारले होते, खऱ्या एक टीबीवर चोरीचा आळ घेतला.

चुका तोही करतो. २०२३ मध्ये लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणाऱ्या दादऱ्याच्या एका पोराला त्यानं इंटेलचा तेराव्या पिढीतला तगडा प्रोसेसर घ्यायला लावला. वर्षभरात कॉम्प्युटर मधूनच बंद पडू लागला, तेही सप्तपदीच्या मध्यावर. ह्यानं अर्थिंगवर संशय घेतला; अर्थिंग नवं केलं. एसएमपीएसवर घेतला, तोही बदलला. खोडरबरही फिरवून झालं. मग २०२४ च्या जुलैत इंटेलनंच कबूल केलं की तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यानं चिप खराब होत होत्या. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. २ ऑगस्टला मुक्तिदिनाची सुट्टी म्हणून झोपायचं सोडून हा भर पावसात स्कूटरवर दादऱ्याला गेला आणि म्हणाला, "मी चुकलो. वॉरंटीत टाक, आणि नवा आला की आधी बायोस अपडेट करायचं." पोरगा गोंधळला. त्याच्या आयुष्यात आजवर कुठल्या तज्ज्ञानं असं म्हटलं नव्हतं. आठवड्याभरात गावात बातमी पसरली: त्याचं आता वय झालं, त्याला विचारण्यात अर्थ नाही.

त्याहून महागात पडलं त्याचं आवडतं वाक्य: "थोडं थांबा." तीस वर्षं हा सल्ला सहसा खोटा ठरला नव्हता. हार्डवेअर स्वस्तच होत जातं. आज घेतो तो मूर्ख, सहा महिन्यांनी घेतो तो शहाणा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार म्हणून जुने कॉम्प्युटर घेऊन माणसं दारात आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवा आणि इंटेलचा असेल तर ढोबळमानानं आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. त्यांतल्या तिघांना त्यानं सांगितलं, रॅम आत्ता घेऊ नका, दिवाळीनंतर भाव उतरतील. दिवाळीनंतर भाव दुपटीच्या पलीकडे गेले. एआयच्या सर्व्हरांनी जगातली मेमरी ओढून घेतली होती. डिसेंबरात मायक्रॉननं तर किरकोळ ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. ते तिघे अजूनही सौजन्यानं वागतात. रविवारी येतात, चहा घेतात, रॅमचा विषय काढत नाहीत आणि जाताना म्हणतात, "मग, थांबायचं ना अजून?"

अशाच एका रविवारी रात्री त्यानं निळी वही काढली. डावीकडच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. काय सांगितलं: उतरेल. काय निघालं: शंभर टक्क्यांहून अधिक, उलट्या दिशेनं. 'पुढील तपासणी' च्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून ठेवलं. इन्स्ट्रुमेंट खात्यात एवढी चूक दाखवणारा गेज भंगारात काढतात. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, आपला प्रिंटर तीन महिने बंद आहे, त्याचंही नाव लिहा त्यात."

गेल्या महिन्यात तो किलवणी नाक्याच्या एका दुकानात माउस घ्यायला गेला. मालक बाहेर गेला होता, काउंटरवर नवा पोरगा. समोर एक कुटुंब बसलेलं: आई, वडील, चष्मा लावलेली मुलगी आणि टेबलावर नवा लॅपटॉप. पोरानं लॅपटॉप सुरू केला, कॅल्क्युलेटर उघडला आणि बोटं झरझर फिरवली. ४१,९५,८३५ भागिले ३१,४५,७२७. उत्तर आलं. पोरगा "हां" म्हणाला आणि स्क्रीन कुटुंबाकडे वळवली. "देख लो. ये टेस्ट सब दुकानवाले नहीं करते."

वडिलांनी आदरानं मान हलवली. मुलीनं चष्मा वर सरकवला. "इससे क्या चेक होता है?"

पोरगा क्षणभर अडखळला. "वो तो पता नहीं. नरोली रोड पे एक साहब रहते हैं, वो हर मशीन पे करते हैं." आणि स्वतःला सावरून म्हणाला, "उनको पूछ लो."

मुलीनं वहीचं पान फाडलं आणि साहेबांचा पत्ता लिहून घ्यायला पेन काढलं. माउस काउंटरवर ठेवून तो दुकानाबाहेर पडला.